बोर्ड किती वर्षांचा?

माणकोली नाक्यावरून भिवंडीकडे वळले की दापोड्याची गोदामे सुरू होतात. एकेकाळच्या भातखाचरांवर पत्र्याच्या लांबच लांब शेडी उभ्या राहिल्या, त्यामागे महामार्ग आणि स्वस्त जमीन होती, तसाच एक करही होता. मुंबईची जकात मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर भरावी लागे. माल हद्दीबाहेर साठवायचा आणि मागणी येईल तेवढाच आत न्यायचा, हे व्यापाऱ्यांना परवडायचे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामे हलली नाहीत, उलट वाढत गेली. भिवंडीच्या या पट्ट्यातून कपडे, फ्रिज, औषधे जातात, तसे कॉम्प्युटरचे सुटे भागही जातात. त्यातली एक चपटी पेटी इथे माझ्यासमोर आहे: पाच-सात हजारांचा मदरबोर्ड. घरी कॉम्प्युटर जोडायचे ठरते तेव्हा चर्चा होते ती प्रोसेसर, रॅम आणि मॉनिटरची. उरलेल्या पैशात जो बसेल तो बोर्ड घेतला जातो. माझे म्हणणे असे की पैसे थोडे असतील तेव्हा तर बोर्डाचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा. महागडा बोर्ड घ्या, असे मी म्हणत नाही. स्वस्तच घ्यावा, पण तो किती वर्षे साथ देईल हे विचारून घ्यावा, कारण आजच्या बोर्डाच्या किमतीत वेगाचा वाटा फार थोडा आणि वर्षांचा फार मोठा असतो.

पूर्वी असे नव्हते. आज पन्नाशीला टेकलेल्या माणसाने कॉलेजात असताना पाहिलेला कॉम्प्युटर बहुधा ४८६ असेल. त्या काळी बोर्ड खरोखरच वेग ठरवत असे. प्रोसेसरला हाताशी लागणारी कॅश मेमरी बोर्डावर वेगळ्या चिपांत असे, रॅमशी देवाणघेवाण करणारा कंट्रोलर बोर्डावर असे, आणि दोन बोर्डांवर तोच प्रोसेसर बसवला तर फरक जाणवत असे. त्या कॅशला एवढा भाव होता की १९९५ च्या सुमारास काही स्वस्त ४८६ बोर्डांवर आत काहीही नसलेल्या प्लास्टिकच्या चिपा लावून विकल्या गेल्या, आणि बायोसही नसलेली कॅश असल्याचे दाखवत राहिला. आवाजासाठी साउंड कार्ड, नेटवर्कसाठी दुसरे कार्ड, मोडेमसाठी तिसरे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, हे सगळे सुटे घेऊन ‘असेंबल्ड’ कॉम्प्युटर उभा करण्याची विद्या त्याच काळात रुजली. पुढे बोर्डाकडचे एकेक काम निघून गेले. कॅश प्रोसेसरमध्ये गेली. मेमरी कंट्रोलर एएमडीने २००३ मध्ये ॲथलॉन ६४ च्या पोटात घेतला, इंटेलने २००८ मध्ये कोअर आय ७ च्या. २०११ च्या सँडी ब्रिजमध्ये ग्राफिक्सही त्याच सिलिकॉनवर आले. बोर्डाच्या मध्यावर बसणारी नॉर्थब्रिज नावाची मोठी चिप नाहीशी झाली. एकाच माणसाच्या कमावत्या वयात एवढा बदल झाला, तरी दुकानात ‘महाग बोर्ड म्हणजे फास्ट मशीन’ ही समजूत मात्र ४८६ च्या काळातलीच राहिली आहे. ६५ वॅटचा साधा प्रोसेसर सहा हजारांच्या बोर्डावर बसवा की वीस हजारांच्या, अभ्यास, हिशेब, टायपिंग, व्हिडिओ या कामांत फरक दिसणार नाही.

मग बोर्डाकडे उरले काय? वीज पुरवणे, जागा देणे आणि बायोस. एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या पेटीकडून, येणारी बारा व्होल्टची वीज प्रोसेसरला लागणाऱ्या सुमारे एका व्होल्टवर आणण्याचे काम सॉकेटच्या कडेला बसलेले व्हीआरएमचे भाग करतात. स्वस्त बोर्डात ते कमी असतात आणि त्यांच्यावर हीटसिंक बहुधा नसतो. छोट्या प्रोसेसरला तेवढे पुरते. मोठा बसवला की भाग तापतात आणि प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. तिथेच कपॅसिटर असतात. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे जगभर बोर्डांवरचे कपॅसिटर फुगले, गळले, नामांकित कंपन्यांचे बोर्डही त्यातून सुटले नाहीत. पुढे सॉलिड पॉलिमर कपॅसिटर रूढ झाले आणि आज स्वस्त बोर्डांवरही ते दिसतात. जागा म्हणजे रॅमच्या खाचा, एसएसडीची एम.२ खाच, पंख्याची जोडणी. आणि बायोस म्हणजे हा बोर्ड उद्याचा प्रोसेसर ओळखेल की नाही, याचे उत्तर.

या शेवटच्या मुद्द्याचा पुरावा गेल्या दशकातच मिळाला आहे. २०१७ च्या जानेवारीत ज्याने इंटेलचा नवा २०० मालिकेचा बोर्ड घेतला, त्याच्या हातात एलजीए ११५१ सॉकेट होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले, सॉकेटही एलजीए ११५१ च, पण त्यांना ३०० मालिकेचा चिपसेट लागत होता. दहा महिन्यांत दार बंद. त्याच सुमारास एएमडीच्या एएम ४ सॉकेटचा बोर्ड घेणाऱ्याचे नशीब वेगळे निघाले, पण तेही सहज नाही. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या नव्या पिढ्यांसाठी बायोस मोठा होत गेला आणि अनेक बोर्डांवरची १६ एमबीची बायोस चिप अपुरी पडू लागली. २०१९ मध्ये एमएसआयने जुन्याच बी ४५० बोर्डांवर ३२ एमबीची चिप बसवून ते ‘मॅक्स’ नावाने पुन्हा आणले. २०२० मध्ये एएमडीने ४०० मालिकेला पुढच्या पिढीचा आधार देणार नसल्याचे सांगितले, ग्राहक खवळले, निर्णय फिरला. २०२२ मध्ये तर ए ३२० सारख्या सर्वांत स्वस्त चिपसेटलाही रायझन ५००० चा अधिकृत आधार मिळाला. म्हणजे २०१८ चा बी ४५० बोर्ड घेतलेला माणूस पाच-सहा वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून जवळजवळ नवे मशीन मिळवू शकला. जानेवारी २०१७ च्या त्या बोर्डाला हे शक्य नव्हते. दोन्ही बोर्ड घेतल्याच्या दिवशी सारखेच चालत होते. फरक पडला तो पुढच्या वर्षांत.

यावर पहिला आक्षेप पैशाचाच येतो, आणि तो मला गंभीर वाटतो. गोदामात लोडिंग-पॅकिंगचे काम करणाऱ्या घरात मुलासाठी कॉम्प्युटर जोडायचा, तर दोन-अडीच हजारांत मिळणारा एच ६१ बोर्ड सोडून सहा हजारांचा का घ्यावा? नवी सीलबंद पेटी, वर वॉरंटीही. पण एच ६१ हा चिपसेट २०११ चा आहे. त्याला इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचेच प्रोसेसर चालतात, रॅम डीडीआर ३ आणि कमाल १६ जीबी, साटा तीन गिगाबिटचा, यूएसबी ३ चिपसेटमध्ये नाहीच. अलीकडे अशा बोर्डांवर एनव्हीएमईची खाचही देतात आणि पेटीवर ते ठळक छापतात. तिच्यामागचा रस्ता मात्र पीसीआय एक्स्प्रेस २.० चाच असतो. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा या मशीनवर सुरक्षितपणे राहायचे तर लिनक्सच उरते. दुकानाच्या गल्ल्यावर पावत्या छापायला किंवा मराठी टंकलेखन शिकायला लिनक्सवरचा एच ६१ चांगला आहे, तो घेणाऱ्याला मी थांबवणार नाही. पण त्याने जुने यंत्र घेतोय हे जाणून, जुन्याच्या भावाने घ्यावे. वाचलेले साडेतीन-चार हजार दोन वर्षांत बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही एकदम बदलायची वेळ आली की कित्येक पटींनी बाहेर जातात. कमी कमाईच्या घराला हा दुसरा खर्च पहिल्याहून जड जातो.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो. पुढे अपग्रेड करू म्हणून लोक बोर्ड निवडतात आणि प्रत्यक्षात कोणी करत नाही, सहा वर्षांनी सगळेच नवे घेतात, असे ते म्हणतात. सुखवस्तू घरांपुरते हे खरे असावे. पण ज्याला आपण अपग्रेड म्हणतो त्याचा मोठा भाग साध्या घरात दुरुस्ती म्हणूनच होतो: मुलगी बारावीला गेली आणि आठ जीबी रॅम पुरेना, म्हणून आणखी एक स्टिक; एसएसडी भरली म्हणून दुसरी. इंटेलच्या अलीकडच्या स्वस्त एच ६१० बोर्डात रॅमच्या दोनच खाचा असतात. पहिल्याच दिवशी चार-चारच्या दोन स्टिक बसवल्या तर पुढे वाढवताना एक तरी काढून टाकावी लागते. आठची एकच बसवून दुसरी खाच मोकळी ठेवली तर ते नुकसान टळते, भले आज थोडा वेग कमी मिळो. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती भडकल्यापासून ही मोकळी खाच म्हणजे खरा पैसा आहे. आणि भिवंडीला तरी हे परके वाटू नये. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेल्या मागांवर इथला यंत्रमागाचा धंदा वाढला. सांगाडा तोच ठेवून झिजलेला भाग तेवढा बदलत माग वर्षानुवर्षे चालवणे इथल्या कारागिरांना ठाऊक आहे. अपग्रेड कोणी करत नाही, हे म्हणणे या गावात टिकणारे नाही.

मात्र माझा मुद्दा दुसऱ्या बाजूनेही लागू होतो, आणि तिथे तो दुकानदारांना रुचत नाही. ओव्हरक्लॉकिंगचा चिपसेट, रंगीत दिवे, अंगचे वाय-फाय, चार एम.२ खाचा यांसाठी पंधरा-वीस हजार मोजणाऱ्या घरगुती ग्राहकाला त्या पैशात वर्षे मिळत नाहीत. वाय-फाय यूएसबी डाँगलने येते. त्याऐवजी तोच पैसा चांगल्या एसएमपीएसला द्यावा. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस हा स्वस्त मशीनमधला सर्वांत घातक भाग, आणि त्याने मारलेला बोर्ड ‘बोर्डच खराब निघाला’ म्हणून बदनाम होतो. पावसाळ्यातली येती-जाती वीज, दमट हवा, ट्रकची धूळ, यंत्रमागाच्या वस्तीत पंख्यात अडकणारी कापसाची तूस: इथे बोर्डाचे आयुष्य यांवरही ठरते. अर्थिंग तपासलेले असावे, पंख्याची जाळी महिन्याकाठी साफ व्हावी. सॉकेटवरची प्लास्टिकची टोपी फेकू नये, कारण इंटेलच्या आणि एएमडीच्या एएम ५ सॉकेटच्या बोर्डांत पिना बोर्डावरच असतात, वाकल्या की वॉरंटी सहसा नाकारली जाते आणि दावा करताना ती टोपीही मागितली जाऊ शकते.

तेव्हा ग्राहकाने वर्षे मोजावीत म्हटले, तर ती पेटीवर दिसायला हवीत. वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनुसार आयात मालाच्या पेटीवर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि सर्व करांसह किंमत छापणे बंधनकारक आहे. पेटीवर चिकटवलेल्या त्या पट्टीवरून पेटी केव्हाची हे कळते. आतला चिपसेट केव्हाचा, हे कळत नाही. २०११ चा चिपसेट आजच्या तारखेच्या पेटीत नवा म्हणून विकला जातो तो या फटीतून. चिपसेट बाजारात आल्याचे वर्ष आणि बायोस कोणत्या वर्षापर्यंत देणार याची हमी, अशा दोन ओळी त्याच पट्टीवर सक्तीच्या कराव्यात, असे माझे ठाम मत आहे. दापोड्याच्या गोदामात पट्टी चिकटवणाऱ्याचे काम त्याने वाढणार नाही. तोपर्यंत ही चौकशी ग्राहकालाच करावी लागेल. पैसे देण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची प्रोसेसरांची यादी आणि शेवटच्या बायोसची तारीख पाहावी, वॉरंटी भारतातली आहे ना हे बिलावर लिहून घ्यावे, आणि मॉडेलच्या नावापुढचा रिव्हिजन क्रमांक जुळवावा, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनमध्ये व्हीआरएमचे भाग बदललेले असू शकतात.