साठ मिनिटांचा राजपुत्र

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ पुरा करायला साठ मिनिटं मिळतात. वर एक मिनिटही नाही. वजिराने राजकन्येला कोंडलेलं असतं, वाळूचं घड्याळ उलटं झालेलं असतं आणि तळघरात टाकलेल्या, पांढऱ्या कपड्यांतल्या त्या पोराला तासाभरात वरच्या महालात पोचायचं असतं. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने हा खेळ लिहिला. १९८९ साली तो ॲपल टू संगणकावर आला आणि पुढच्याच वर्षी डॉसवर. आमच्या जऊळक्यात तो पोचला भारनियमनाच्या ऐन दिवसांत. तेव्हा सलग साठ मिनिटं लाइन राहणं हीच मुळात नवलाची गोष्ट होती. खेळातला पहारेकरी फार तर राजपुत्राचा जीव घ्यायचा, पातळी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. लाइन गेली की पहारेकरी, राजपुत्र, वजीर, राजकन्या सगळेच एका झटक्यात जायचे.

तिसऱ्या पातळीपासून पुढे कंट्रोल आणि जी एकदम दाबलं की खेळ जपून ठेवता येतो, हे समजलं तेव्हापासून घरातल्या पोरांचा एक डोळा पडद्यावर आणि दुसरा बल्बवर राहू लागला. बल्ब पिवळा पडून दोनदा लवला की बोटं आपसूक त्या दोन कळांवर जायची. रब्बीत गव्हा-हरभऱ्याला पाणी सुटायचं, शिवारातले पंप एकदम चालू व्हायचे आणि व्होल्टेज इतकं खाली यायचं की मॉनिटरवरचं चित्र चारही कडांनी आत ओढलं जायचं. राजपुत्र हातभर आक्रसायचा. अशा वेळी खेळ जपायचा आणि संगणक बंद करायचा, हा घरचा कायदा होता.

संगणक अकोल्याहून आणलेला, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना पेंटियम. थोरला भाऊ एमएस-सीआयटी करत होता, म्हणून वडिलांनी तो घेतला. क्लासमधल्या संगणकांवर ‘रोड रॅश’ आणि ‘डेव्ह’ असायचेच. कोर्सच्या पुस्तकात त्यांचा पत्ता नव्हता, पण खेड्यातल्या पोरांच्या बोटांची भीती गेली ती त्यांच्यामुळे, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

हा पेंटियम चालण्यापेक्षा अडण्यात जास्त वेळ घालवायचा. जऊळक्यात संगणक दुरुस्त करणारा कोणी नव्हता. होते ते मोटारपंप दुरुस्त करणारे एक काका. स्टार्टर, कॉइल, फेज, वाइंडिंग हे त्यांचं जग. आमच्या यंत्राचं झाकण त्यांनी कधी उघडलं नाही, पण ओसरीवर बसून एकदा त्यांनी जे सांगितलं ते मला पुढच्या कुठल्याही वर्गात इतकं नेमकं ऐकायला मिळालं नाही. “आधी लाइन पाय, मंग मशीनले हात लाव. अन् एका खेपेले एकच गोष्ट बदल. दोन बदलल्या तं कायच्यानं झालं थे समजत नाही.”

ते आम्ही अक्षरशः पाळलं. आधी पाहायचं, पाठीमागचा पंखा फिरतो का. फिरत असेल तर लाइन पोचते आहे. मग कान द्यायचा. लांब, थांबून थांबून येणारी बीप म्हणजे रॅम. मग झाकण काढून रॅमची पट्टी अलगद उपसायची आणि तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं खोडरबर फिरवायचं. उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातली ओल मिळून त्या दातांवर एक काळपट थर बसतो; खोडरबराच्या चार फेऱ्यांत तो निघून येतो आणि खालचं पिवळं चकचकीत वर येतं. पट्टी परत बसवताना दोन्ही कडांच्या खिट्ट्या ‘टक’ करून लागल्या पाहिजेत. एक लागली आणि एक राहिली तर बीप तशीच. सगळं नीट असूनही दर खेपेला तारीख मागे जाऊन १ जानेवारी १९८० दिसली, तर मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपला. सीआर २०३२, तीन व्होल्ट, घड्याळाच्या दुकानात मिळतो.

एकदा राजपुत्र कळ न दाबताच एका बाजूला धावत सुटला. धावायचा, खड्ड्यात पडायचा, पुन्हा उठून धावायचा. घरात कुणी म्हणालं व्हायरस, कुणी म्हणालं कीबोर्ड गेला. कीबोर्ड बदलून पाहिला, राजपुत्र धावतच राहिला. म्हणजे दोष कीबोर्डात नाही, हे पक्कं झालं. झालं होतं असं की कुणाच्या तरी बोटांनी कंट्रोल आणि जे दाबलं गेलं होतं. खेळ आता जॉयस्टिकचं ऐकत होता, आणि जॉयस्टिक तर आम्ही कधी पाहिलीही नव्हती. कंट्रोल आणि के दाबलं, राजपुत्र जागच्या जागी थबकला. त्या क्षणाचा आनंद राजकन्या भेटल्याच्या आनंदाहून तसूभरही कमी नव्हता.

या खेळाचा जीवच मुळी अडचण सोडवण्यात आहे, हे मला फार नंतर वाचून कळलं. राजपुत्राचं ते धावणं, लोंबकळणं, कड्याला हात अडकवून वर चढणं इतकं खरं वाटतं, कारण मेकनरने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र उतरवलं. पण एवढी चित्रं ठेवली की ॲपल टूची मेमरी संपली. नवा शत्रू काढायला जागाच उरली नाही. मग त्याने राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून, एकमेकांवर टाकून त्यातून एक झगमगती छाया काढली. चौथ्या पातळीवर राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि ही छाया त्याच्यातून निघून जाते. पुढे ती त्याच्या वाटेचं औषध पिऊन टाकते, एकदा तोंडावर दार लावून घेते. बाराव्या पातळीवर ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की जखम राजपुत्रालाच होते. आम्ही तिथे किती रात्री अडून पडलो होतो! तलवार म्यान केली आणि तिच्या अंगावर धावत गेलं की ती त्याच्यात विरघळते. संगणकाच्या खेळात इतकी सुंदर जागा मी दुसरी पाहिलेली नाही, आणि ती आली मेमरी पुरेना म्हणून.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा आला, तेव्हा त्याला ही छाया दाखवायची असं मी ठरवलं होतं. पेंटियम आता उठत नाही. त्याच्या बोर्डावरचे कपॅसिटर फुगून वरून फाटले आहेत. खेळाची फाइल मात्र मी जपली होती. भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर ती टाकली आणि दोनदा क्लिक केलं. हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही, अशी निळी चौकट आली.

“मामा, तुमची गेम खराब झालीये.”

खराब झाली नव्हती. त्याला मी स्टेशनाकडे घेऊन गेलो. आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. मालेगाव तालुक्यातलं हे गाव ‘जऊळका रेल्वे’ म्हणूनच ओळखलं जातं. अकोला–पूर्णा ही लाइन २००८ पर्यंत मीटर गेज होती, दोन रुळांत १००० मिलिमीटरचं अंतर. मग ते रूळ उखडून १६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज रूळ टाकले. ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी जुने डबे काही मोडले नव्हते. चाकं शाबूत, बाकं शाबूत. फक्त त्यांना धावायला खाली रूळ राहिला नव्हता. १९९० चा खेळ सोळा बिटांचा, आणि ६४ बिटांची विंडोज सोळा बिटांचा प्रोग्रॅम चालवतच नाही. त्याला चालवायचं तर लॅपटॉपच्या पोटात मीटर गेजचा एक तुकडा अंथरावा लागतो. तो अंथरणारं सॉफ्टवेअर म्हणजे डॉसबॉक्स. २००२ पासून ते फुकट मिळतं, आणि जगभरातल्या हौशी लोकांनी ते आपल्या वेळेतला वेळ काढून लिहिलं आहे. या लोकांविषयी मला मनापासून आदर आहे.

डॉसबॉक्स उघडलं, खेळाचं फोल्डर त्याला सी ड्राइव्ह म्हणून दाखवलं, नाव टाइप केलं. राजपुत्र आला, पण मुका. आवाजाचं कार्ड शोधायला त्या काळचे खेळ ठरावीक पत्त्यावर जायचे. साउंड ब्लास्टरचा पत्ता २२०. तेवढं जुळवलं आणि पहिल्या दाराचा करकर आवाज ओसरीवर आला. भाचा म्हणाला, “हाच का तो आवाज?” हाच.

जुन्या प्रोग्रॅमांना नव्या यंत्रांचा वेग न झेपण्याचं प्रकरण मात्र जास्त खोल आहे, आणि ते उलगडलं दुसऱ्याच एका खेळावर. चुलतभावाने अमरावतीला शिकताना टर्बो पास्कलमध्ये सापशिडी लिहिली होती. जुन्या यंत्रावर ती झकास चालायची. घरात जरा वेगवान संगणक आला आणि ती सुरू होण्याआधीच मरू लागली: ‘रनटाइम एरर २००’, म्हणजे शून्याने भागाकार. त्याने सगळा कोड शंभरदा वाचला. शून्याने भागाकार कुठेच नव्हता. खरंच नव्हता. टर्बो पास्कलची सीआरटी नावाची एक तयार जोडणी प्रोग्रॅम उघडताच यंत्राचा वेग मोजायची. संगणकाच्या घड्याळाच्या एका टोल्यात, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामा फेरा किती वेळा होतो ते मोजायचं आणि त्याला ५५ ने भागायचं. उत्तर ६५,५३५ च्या आत असेल अशी तिची समजूत. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढचे प्रोसेसर आले आणि उत्तर त्या मापात मावेना. प्रोसेसरजवळ त्यासाठी वेगळी तक्रार नव्हती, म्हणून तो शून्याने भागाकाराचीच हाक मारायचा. दोष भावाचा नव्हता आणि यंत्राचाही नव्हता; यंत्र इतकं वेगवान होईल हे लिहिणाऱ्यांनी धरलंच नव्हतं. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ ११ दाबत गेलं की वेग उतरत जातो. उतरवला, आणि सापशिडीचा फासा पडला. भाऊ आता शेती पाहतो. त्याने फोनवर फक्त एवढंच विचारलं, “अठ्ठ्याण्णववरचा साप आहे का अजून?”

मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीलाही हे दुखणं चुकलं नाही. एक्सपीवर सगळ्यांनी खेळलेला पिनबॉल व्हिस्टात नव्हता. तिथले अभियंता रेमंड चेन यांनी लिहून ठेवलं आहे की ६४ बिटांवर आणल्यावर चेंडू वस्तूंना अडेचना, त्यांच्यातून थेट आरपार खाली पडू लागला. कोड दुसऱ्या कंपनीचा, वर समजावणाऱ्या टिपा जवळपास नाहीत. शेवटी खेळच वगळला.

आणि स्वतः मेकनर? ‘प्रिन्स’चा मूळ कोड त्याच्याकडून हरवला होता. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉपींचं खोकं सापडलं. जुन्या यंत्रांची आणि फ्लॉपींची जाण असलेली माणसं बसली, चकत्यांवरचं चुंबकीय लिखाण त्यांनी सावकाश उतरवून घेतलं, आणि तो कोड मेकनरने सगळ्यांसाठी खुला केला. तेवीस वर्षं त्या फ्लॉपींनी दम धरला होता.

हे वाचून मला आपल्याकडची खोकी आठवतात. नव्वदच्या दशकापासून मराठीत जे टाइप झालं, गावाच्या यात्रेची स्मरणिका, शाळेचा हस्तलिखितावरून केलेला अंक, आजोबांच्या आठवणी, कुळाची वंशावळ, ते बहुतेक युनिकोडच्या आधीच्या फाँटांत आहे. श्रीलिपी, आकृती अशी सॉफ्टवेअरं इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी अक्षरं बसवायची. तो फाँट नसेल तर आज त्या फाइलीत नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते आणि लोक म्हणतात, फाइल खराब झाली. बहुतेकदा ती खराब नसते. तिला तिचा फाँट मिळाला, किंवा तो फाँट ओळखून युनिकोडमध्ये बदलून घेतला, की ती पान पान वाचता येते. भाच्याला मी जे शिकवलं ते खेळासाठी होतं; त्याच धीराने त्याने नंतर माझ्या वडिलांची एक जुनी फाइल उघडून दिली. भजनी मंडळाचा हिशेब आणि सभासदांची नावं. त्यातले अर्धे लोक आता नाहीत.

म्हणून एक विनंती आहे. या दिवाळीला माळा झाडताना फ्लॉपी, सीडी, जुनी हार्डडिस्क हाती लागली तर ती भंगारवाल्याच्या काट्यावर टाकू नका. फ्लॉपीवरचं चुंबकीय लिखाण ओलीने आणि उन्हाने पुसट होत जातं, म्हणून आधी जे आहे ते जसंच्या तसं उतरवून घ्या. यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतो. उघडलं नाही तरी उतरवून ठेवा. आणि ते कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणत्या फाँटमध्ये केलं होतं हे आठवत असेल तर आजच पाकिटावर पेनाने लिहा. पुढे ते उघडायला बसणाऱ्याला सगळ्यात आधी तेच लागणार आहे.