खिशातलं मशीन आणि कानामागचं मशीन

अण्णांशी, म्हणजे आजोबांशी, बोलायचं तर त्यांच्या छातीजवळ तोंड न्यावं लागे. सदऱ्याच्या खिशात मशीन, तिथून कानातल्या साच्यापर्यंत वायर, आत पेन्सिल सेल. माइक खिशातच असल्यामुळे कापड घासलं की आधी खरखर ऐकू जायची, शब्द मागून. साचा सैल झाला की शिट्टी वाजायची, कारण कानातून निसटलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरायचा.

ते मशीन सगळंच वाढवायचं. नस कमजोर झालेल्या कानाची खरी अडचण अशी, की हळू आवाज पोचतच नाही आणि मोठा आवाज मात्र चांगल्या कानाइतकाच मोठा लागतो. मधली जागा अरुंद होते. पितळी तांब्या पडला की अण्णा कळवळून आवाजाची चक्री खाली करत, आणि पुढचं बोलणं हुके. त्यातून 'सात' आणि 'साठ'! बोलण्याचा जोर असतो 'आ'सारख्या स्वरांत. 'स', 'त', 'ठ' ओळखू येतात ते बारीक, उंच पट्टीतल्या आवाजावरून, आणि वयाबरोबर तेच आधी हरवतात. ओठांवरही सात-साठ सारखेच दिसतात. मग आजी बोटं दाखवायची.

पूर्ण डिजिटल मशीनं 1996च्या सुमारास बाजारात आली. आज बाबांच्या कानामागे असलेलं मशीन आवाजाचे पट्टीनुसार भाग करतं, हळू असेल ते जास्त उचलतं, मोठं असेल ते थोडंच. शिट्टी तर उलट लहर सोडून ते स्वतःच दाबून टाकतं. तांब्या पडला तरी बाबा दचकत नाहीत. अण्णांना हे मिळायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

पण निवड मशीनच्या हाती गेली की ते चुकतंही. तानपुऱ्याचा अखंड सूर त्याला कधी गोंगाट वाटतो, कधी शिट्टी. तो दाबायला जातं आणि सूर थरथरतो. अण्णांच्या मशीनमधून गाणं चेपलेलं यायचं, पण तानपुरा स्थिर असायचा. बाबांना ऑडिओलॉजिस्टबाईंनी गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला, त्यात ही हुशारी बंद ठेवलेली आहे. गोंगाट कमी करण्याच्या सोयीचंही तसंच. त्या सोयीने डोकं कमी शिणतं, पण शब्द फारसे जास्त कळत नाहीत. मंगल कार्यालयात गोंगाट म्हणजे माणसांचं बोलणंच. त्यातलं कोणतं हवंय हे मशीनने कसं ओळखावं? दोन माइकांनी समोरचा आवाज उचलण्याची युक्ती तिथे थोडी उपयोगी पडते, तीही बोलणारा समोर असेल तरच.

आणि समोर येणंच आपण सोडलं. अण्णांची वायर दिसायची, म्हणून घरातला प्रत्येक जण जवळ येऊन, तोंड दाखवून, एकेकटा बोलायचा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज 6 डेसिबलने वाढतो, आणि मागचा गोंगाट तेवढाच राहतो. बाबांचं मशीन चटकन दिसत नाही, त्यामुळे सगळे स्वयंपाकघरातून, पाठमोरे, मिक्सर चालू ठेवून बोलतात. ऐकू गेलं नाही तर ओरडतात. ओरडण्याने वाढतात ते स्वर. 'स' आणि 'त' जवळपास होते तिथेच राहतात.