तार

अकोल्याला समुद्र नाही. मोर्णा आहे, पण उन्हाळ्यात ती नाकाला रुमाल लावूनच ओलांडावी लागते. अमरावतीला अंबानाल्यावर भागवायचे. असे असताना आम्ही दोघा भावांनी मच्छीमार बोटींवर वायरलेस बसवले, असे सांगितले की मोहल्ल्यातले लोक अजून हसतात.

अब्बांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान अकोल्यात ताजनापेठेत होते. रेडिओसाठी पोस्टात लायसन्सचे पैसे भरावे लागत, त्या काळातले. दुपारी आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस लागली की दुकानापुढे चार माणसे उभी असत, त्यातल्या एकाचाही रेडिओ दुरुस्तीला आलेला नसे. ऐंशीच्या दशकात टीव्ही आला आणि आम्ही छपरांवर चढू लागलो. शहरातले सहक्षेपण केंद्र १०० वॅटचे. त्यामुळे खेड्यातल्या घरांवर तीस-तीस फूट लोखंडी पाइप उभा करून वर अॅल्युमिनियमचा अँटेना बांधायचा. एकाने वर पाइप फिरवायचा, दुसऱ्याने खालून ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" चित्र गेले की अब्बा आधी वायरचा जोड उघडायला लावत. तिथे पावसाचे पाणी शिरलेले असायचे. पुढे आमच्यातल्या एकाने अमरावतीला इतवाऱ्यात दुकान थाटले, दुसरा अब्बांजवळ राहिला.

आमची आपा रत्नागिरीला दिली. सासर मिरकरवाड्याचे, घरच्या दोन बोटी. लग्नात पहिला घोटाळा भाषेचा झाला. आमच्या घरात दखनी, त्यांच्या घरात कोकणी. अम्मी आणि आपाची सासू एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होत्या. शेवटी दोघी मराठीवर आल्या, आमची वऱ्हाडी ढंगाची, त्यांची समुद्राकडची, आणि रात्री उशिरापर्यंत बोलत बसल्या. 'मुसलमान असून मराठी चांगली बोलता' असे आम्हाला रेल्वेत कितीदा तरी ऐकवतात. त्यांना ते लग्न दाखवायला हवे होते.

२००६ च्या पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवल्या होत्या, तेव्हा दुल्हेभाईंनी आम्हाला बोलावले. व्हीएचएफ सेट आणून ठेवले होते. घरचेच दोन कारागीर असताना बाहेरचा कशाला, असा त्यांचा हिशेब.

सेट म्हणजे काही जादू नाही. १५६.८ मेगाहर्ट्झ हा १६ नंबरचा चॅनेल, जगातल्या सगळ्या समुद्रांवर हाक मारण्याचा आणि संकटाचा. लहर साधारण दोन मीटर लांब. टीव्हीच्या सवयीने आम्ही पहिल्या दिवशी विचारले, अँटेनाचे तोंड कुठे करायचे? चाचा म्हणजे दुल्हेभाईंचे काका, बोटीचे तांडेल. ते म्हणाले, "बोट फिरते ना रे बाबा." खरेच होते. इथे अँटेना उभा हवा, चारी दिशांना सारखा बोलणारा, आणि उंच हवा, कारण ही लहर जवळजवळ सरळ जाते आणि पृथ्वी गोल आहे. सहा मीटर उंचीवरून क्षितिज दहाएक किलोमीटरवर. दोन्ही बोटींचे अँटेने तेवढे उंच असतील तर वीस किलोमीटरपर्यंत बोलणे होते. किनाऱ्यावर शंभर मीटर उंच कड्यावर कुणाचा अँटेना असेल तर पन्नास. अँटेनाची बारीक केबल पंधरा मीटर ओढली तर सेटची निम्मी शक्ती केबलच खाऊन टाकते, म्हणून जाड केबल वापरली. जोडांवर रबरी टेप तीनदा गुंडाळला. अब्बांचे पाणी आमच्या डोक्यात पक्के होते.

काम झाल्यावर बोट पाण्यात गेली. इंजिन चालू करून आम्ही सेट लावला, शेजारच्या बोटीशी बोललो. बंदरात जवळच्याशी बोलायचे म्हणून बटण दाबून २५ वॅटचे १ वॅट केले होते. आवाज स्वच्छ. आपाच्या सासूने आम्हाला नारळ आणि सुके बांगडे बांधून दिले. परतीच्या डब्यात त्या वासावरून जे झाले ते वेगळेच.

पुढच्या मार्चात भरसमुद्रात रात्री चाचांच्या बोटीचे इंजिन बंद पडले. वारा उत्तरेचा, बोट वाहत निघाली. चाचांनी बटण दाबून हाक मारली आणि सेट विझला. बटण सोडले की सेट पुन्हा जिवंत. पुन्हा दाबले, पुन्हा विझला. रात्रभर असेच. ऐकू मात्र सगळे येत होते. दुसऱ्या बोटी १६ वर बोटीचे नाव घेऊन विचारत होत्या, कुठे आहेस, बोल. दुल्हेभाईही बोलत होते, त्यांचा आवाज तर रडवेला झाला होता. सकाळी एका बोटीने पाहिले आणि दोर टाकला. पाच माणसे होती, पाचही घरी आली. अल्लाचे शुक्र.

आपाने फोनवर एवढेच सांगितले, "एकदा येऊन जा." आम्ही मीटर घेऊन गेलो. या वेळी इंजिन बंद ठेवले आणि २५ वॅटवर बटण दाबले. बॅटरीवर १२ व्होल्ट, सेटवर दहालाही कमी. नुसते ऐकायला सेट अर्धा अँपिअरही घेत नाही, बोलायला सहाच्या आसपास घेतो. आणि बॅटरीपासून सेटपर्यंत आम्ही ओढली होती अकोल्याहून नेलेली एक चौरस मिलिमीटरची तार, घरातल्या दिव्यांना वापरतात ती. आठ मीटर जाऊन आठ मीटर परत, पावणेदोन व्होल्ट तिथेच जात होते. बाकी कसर खाऱ्या हवेने भरून काढली होती. टर्मिनलवर हिरवा कळंक होता. इंजिन चालू असताना चार्जिंगचे चौदा व्होल्ट हे सगळे झाकून ठेवत. अँटेना, टेप, केबल, सगळे शाबूत होते.

जाड, कथिलाचा मुलामा दिलेली तार ओढली. काम संपल्यावर चाचांना १ वॅटचे बटण दाखवले. तेवढ्यावर सेट विझला नसता, चार-पाच किलोमीटरवरच्या बोटीने त्यांना ऐकले असते. चाचांनी बटण दाबून पाहिले, सोडले. "हे आधी दाखवलं नव्हतंत," म्हणाले. रागाने नव्हे. आम्हाला राग चालला असता.

चाचा आता हयात नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये मच्छीमार बोटींवर उपग्रहाचे ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना पालघरला सुरू झाली, तेव्हा भाच्याने फोन करून विचारले, "मामू, बोटीवर नवीन डबा बसवायचा म्हणतात, तुम्ही येता का?" आम्ही म्हटले, जो बसवायला येईल त्यालाच बसवू दे. तू फक्त इंजिन बंद करायला सांग. आणि तार किती जाडीची आहे ते बघून आम्हाला कळव.