बोलता येईल इतकंच पळायचं

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडे अर्ध्या थट्टेनं आणि अर्ध्या अभिमानानं म्हणतात. बाहेरच्या माणसाला मात्र परभणी म्हटलं की ऊन, पाणीटंचाई आणि रेल्वेचं जंक्शन एवढंच आठवतं. लांब पल्ल्याच्या धावपटूंना विचारा, ते वेगळं नाव सांगतील. ज्योती गवते परभणीची. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली. ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतर तिनं २ तास ५० मिनिटं ५३ सेकंदांत कापलं. पुढच्या दोन वर्षी, २०१८ आणि २०१९ मध्ये, सुधा सिंगच्या पाठोपाठ ती दुसरी होती.

माझ्या मुलीनं आठवीत असताना हे वर्तमानपत्रात वाचलं आणि मला विचारलं, “अम्मी, ये अपने परभणीकी है?” अपने परभणीकी. त्या शब्दांत जे होतं ते मी रोज वर्गात शिकवूनही मुलींच्या मनात रुजवू शकले नसते. आमची मुलगी आता अकरावीत आहे. शालेय स्पर्धांत ३००० मीटर पळते. पुढे पोलीस भरतीला उभं राहायचं म्हणते. आणि मी, उर्दू आणि मराठी शिकवणारी चाळिशी ओलांडलेली बाई, गेली तीन वर्षं दर रविवारी तिच्यासोबत पळते.

लोकांना वाटतं मला पळण्याची हौस आहे. तसं नाही. सोबतीला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी गेले. तिचे अब्बू पहाटे दुकानाच्या मालासाठी बाहेर पडतात. भाऊ लहान आहे. पहिले दोन महिने मी स्कूटीवर तिच्या मागे जायचे. गाडी इतकी हळू चालवावी लागायची की तोल जायचा. एके दिवशी स्कूटी विद्यापीठाच्या गेटजवळ लावली आणि कॅनव्हासचे बूट घालून तिच्याबरोबर चालायला लागले. चालण्याचं पळणं कधी झालं ते कळलं नाही.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा परिसर नसता तर हे काहीच जमलं नसतं. परभणीकरांना हे सांगायला नको. मोठी झाडं, दोन्ही बाजूंना कापसाचे, सोयाबीनचे, तुरीचे प्लॉट, आणि पहाटे फिरायला येणारे निवृत्त लोक. शहराच्या बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅव्हल्स असतात. तिथं मी मुलीला नेत नाही. शंभरी पार करूनही जगभर ओळखले जाणारे धावपटू फौजा सिंग २०२५ च्या जुलैमध्ये आपल्याच गावाजवळ रस्त्यावर गाडीची धडक बसून गेले. वय ११४. इतकं आयुष्य पायांवर काढलेला माणूस चाकाखाली जातो, तेव्हा आईच्या मनात जे येतं ते येतंच. नाइलाजानं रस्त्यावर पळावं लागलं तर आम्ही उजव्या बाजूनं पळतो, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते.

वेळेचं गणित फजरच्या नमाजनं सोपं केलं. घर तसंही जागं असतं. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सातला ऊन चटका द्यायला लागतं. म्हणून नमाज झाली की लगेच निघायचं. डिसेंबरअखेरीस सूर्योदय सातच्या जवळ जातो आणि परभणीची थंडी अंगात शिरते, तेव्हा अंधार सरेपर्यंत थांबायचं. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी चिकटते की प्रत्येक पाय किलोभर जड होतो, म्हणून डांबरी रस्ता सोडायचा नाही. रमजानमध्ये लांब पळणं बंद. इफ्तारच्या अर्धा तास आधी थोडं हळू पळायचं, कारण त्यानंतर लगेच पाणी मिळतं.

आता लांब पळण्याबद्दल. मला आधी वाटायचं, जितकं जोरात तितकं चांगलं. तसं नसतं. आठवड्यातून एकदा लांब आणि मुद्दाम हळू पळायचं असतं. त्यानं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, आणि शरीर साखर जपून चरबी जाळायला शिकतं. वेग बरोबर आहे की नाही हे ओळखायची खूण घड्याळात नाही, तोंडात आहे. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. मुलीचे क्रीडाशिक्षक तिला हेच सांगतात: रविवारी बोलता येईल इतकंच पळायचं.

हा नियम शरीरासाठी केलेला आहे. आमच्या घरात त्याचा उपयोग वेगळाच झाला.

सतरा वर्षांची मुलगी आईशी किती बोलते? जेवताना मोबाइल, संध्याकाळी क्लास, रात्री अभ्यास. समोरासमोर बसवून विचारलं तर “कुछ नै” एवढंच उत्तर. पण शेजारी शेजारी पळताना दोघींची नजर समोर रस्त्यावर असते. कुणी कुणाच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. तासभर दुसरं काही करायला नसतं. आणि बोलणं तर नियमानंच आहे. तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरनंतर ती आपणहून बोलायला लागते. फिजिक्स समजत नाही, हे मला तिथं कळलं. वर्गात कुणीतरी तिच्या स्कार्फवरून काही बोललं, हेही तिथं. आणि पाळीच्या दिवसांत पळायचं की नाही, हा प्रश्न ती ज्यांना विचारू शकत नव्हती, तो तिनं मला तिथं विचारला.

गेल्या हिवाळ्यात नांदेडकडून एक रिश्ता आला. घर चांगलं, मुलगा शिकलेला. निरोपात एकच गोष्ट जोडलेली होती: मुलीचं हे सकाळचं पळणं आता थांबवावं. सासूबाईंना त्यात वावगं काही वाटलं नाही. गल्लीतल्या एका खालांनी तर मला आधीच सांगून ठेवलं होतं, “टीचर, लडकी जात है, क्या करना दौडा के?” मी घरात कुणाशीच काही बोलले नाही. रविवारी सहाव्या किलोमीटरच्या आसपास मुलगीच म्हणाली, “मेरेकू मालूम है अम्मी.” मग थोडं पळून झाल्यावर विचारलं, “तुम क्यों छोडे थे दौडना?”

मी शाळेत पळायचे, हे तिला तिच्या मामानं सांगितलेलं. सातवीपर्यंत तालुक्याला जायचे. मी उत्तर शोधायला लागले, तर कुणाचं नावच सापडेना. मला कुणी मनाई केली नव्हती. अब्बांनी नाही, अम्मांनी नाही, मास्तरांनी नाही. आठवीत शाळा बदलली, मैदान लांब गेलं, न्यायला-आणायला कुणी नव्हतं. बस्स. तिला मी तेच सांगितलं: कुणी थांबवलं नाही, सोबत कुणी नव्हतं. ती काही बोलली नाही. आम्ही आणखी दोन किलोमीटर पळालो.

त्या संध्याकाळी तिच्या अब्बूंनी नांदेडला फोन करून मुलगी शिकतेय, आत्ता विचार नाही असं कळवलं. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, “अंधेरे में मत जाओ, उजाला होने दो.” आमच्या घरात यालाच परवानगी म्हणतात.

धर्माचं नाव घेऊन जे बोलतात त्यांना मी उलट उत्तर देत नाही, पण दोन गोष्टी वर्गात आवर्जून सांगते. पहिली, पैगंबर मुहम्मद (स.) आणि हजरत आयशा (रजि.) यांच्या शर्यतीची. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात ती आहे. प्रवासात दोघं धावले, आयशा (रजि.) जिंकल्या. नंतर पुन्हा धावले तेव्हा पैगंबर (स.) जिंकले आणि ही त्या दिवसाची परतफेड असं हसून म्हणाले. दुसरी गोष्ट सईची. हज आणि उमऱ्यात सफा-मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतात. एक फेरी सुमारे ४५० मीटरची, म्हणजे सगळं मिळून तीन किलोमीटरांहून थोडं जास्त, माझ्या मुलीच्या शर्यतीइतकं. जगभरातले लाखो लोक एका आईची धावपळ पुन्हा करतात. हजरत हाजरा यांनी तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत घातलेल्या त्या फेऱ्या. हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात आज पुरुष झपझप जातात, स्त्रिया नेहमीच्या चालीनं. फिकहवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी फक्त मुलींना आठवण करून देते की मुळात धावली ती एक आई होती.

आणि ज्यांना आजचं उदाहरण हवं असतं त्यांना सिफान हसन सांगते. इथिओपियातून पंधराव्या वर्षी निर्वासित म्हणून नेदरलँड्सला गेलेली मुलगी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिनं महिलांची मॅरेथॉन २ तास २२ मिनिटं ५५ सेकंदांत जिंकली आणि सुवर्णपदक घ्यायला हिजाब घालून उभी राहिली. ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉनच मुळी १९८४ पर्यंत नव्हती. इतकं अंतर बाईच्या शरीराला झेपणार नाही, हे त्याआधी आपल्या गल्लीतल्या खालाच म्हणत नव्हत्या, युरोप-अमेरिकेतले शिकलेले लोकही म्हणत होते.

पण उदाहरणांनी मुली पळत नाहीत, हे मला आता पक्कं कळलं आहे. पळणं हा सगळ्यात स्वस्त खेळ, फक्त बूट लागतात, असं म्हणतात. मुलांच्या बाबतीत ते खरं असेल. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी सहा किलोमीटर जायचा आणि पुढे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक आणलं. मुलीला बुटांशिवाय उजेड लागतो, स्वच्छतागृह लागतं, कुत्री आणि टवाळ पोरं नसलेला रस्ता लागतो, आणि एक माणूस लागतो ज्याची सकाळ रिकामी आहे. हा शेवटचा खर्च सगळ्यात मोठा. माझी रविवारची सकाळ मोकळी असते, कारण मला पगार आहे आणि रविवारी सुटी आहे. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया रविवारीही दुसऱ्यांच्या घरी भांडी घासतात किंवा कापूस वेचायला जातात. त्यांच्या मुलींनी काय करायचं?

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात. मुलींना ८०० मीटर पळण्याचे त्यातले २०, बाकी १०० मीटर आणि गोळाफेकीचे. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. म्हणजे पळणं ही हौस नाही, गरिबाच्या मुलीसाठी ती नोकरीची वाट आहे. आणि ती वाट सोबतीला कुणी नाही म्हणून सातवी-आठवीत बंद होते. कुणी बंद करत नाही. तिथंच कुणाचं लक्ष जात नाही.

म्हणून दिवाळीच्या सुटीनंतर आम्ही एक साधी गोष्ट केली. वर्गातल्या चार मुलींच्या घरी गेले. चहा घेतला. पळू द्या असं म्हणाले नाही. महिन्यातून एका रविवारी तुम्ही या, बाकीचे रविवार दुसरं कुणी येईल, एवढंच म्हटलं. दोन घरं लगेच हो म्हणाली. तिसऱ्या घरी तीनदा जावं लागलं. चौथ्या घरानं नकार दिला. तिथं मी पुन्हा जाणार आहे.

आता रविवारी आम्ही पाच जणी असतो, तीन मुली, माझी मुलगी आणि मी, आणि पाळी असलेलं एक पालक. माझी मुलगी १२ किलोमीटर पळते. माझा दम सातव्याला संपतो, मग मी लहान मुलींबरोबर मागे राहते. ती पुढे एकटी जाते आणि वळणावर दिसेनाशी होते. तेवढा वेळ मी घड्याळ पाहते. पण तिला हाक मारत नाही. कधीतरी तिला माझी सोबत लागू नये, त्यासाठीच तर ही सोबत आहे.

पुढच्या रविवारी एका मुलीच्या अब्बांची पाळी आहे. ते ऑटो चालवतात. पळणं आपल्याला जमणार नाही, गुडघे दुखतात, असं त्यांनी सांगितलं. म्हणून ते ऑटो घेऊन मागून येणार आहेत. पाण्याचा कॅन त्यांच्याकडे.