मनातला ढिगारा उपसताना

आमच्या भागातील वडीलधारी माणसे जुनी गोष्ट सांगताना सालाचा आधार क्वचितच घेतात. ‘भूकंपाच्या आधी दोन वर्षं थोरल्याचं लगीन झालं’, ‘भूकंपानंतर मालक गेले’, अशी त्यांची कालगणना असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटेचे चार वाजण्यास काही मिनिटे असताना, किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावे नुकतीच निजली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सरकारी नोंदीनुसार सुमारे ८ हजार माणसे दगावली. अणदूरच्या कितीतरी लेकी त्या गावांत नांदत होत्या, कितीतरी सुना तिकडून आलेल्या होत्या.

मी तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेत होतो. पुढे अणदूरला दवाखाना सुरू केला आणि तो भूकंप मला रुग्णांच्या तक्रारींतून भेटू लागला. ‘मला भूकंपाचा त्रास होतो’ असे म्हणत मात्र कोणीही आले नाही. छातीतली धडधड, जड डोके, पोटात उठणारा गोळा, पहाटे साडेतीनला हमखास येणारी जाग, अशा रूपांत तो येत राहिला.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका आजींचे उदाहरण, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, सांगतो. सून त्यांना घेऊन आली होती. ‘डॉक्टरसाहेब, आत्याबाई थंडीतसुद्धा ओसरीवरच निजतात. दाराला कडी लावू देत नाहीत.’ आजी म्हणाल्या, ‘दार लावलं की जीव गुदमरतोय, बाबा.’ हृदयाचा आलेख, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड, सारे तपासले. रक्तदाब थोडा वाढलेला होता, इतकेच. झोपेची गोळी मात्र त्या कित्येक वर्षे घेत होत्या. भूकंपात त्यांची धाकटी लेक गेली होती. घरात तिचे नाव कोणी काढत नसे. आईला त्रास नको, हा त्यामागचा सद्हेतू.

मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे आणि तेथून समुपदेशकांकडे पाठवले. ‘मला काय येड लागलंय का?’ हा प्रश्न अपेक्षितच होता. मी म्हणालो, ‘आजी, हाड मोडलं तर हाडाच्या डॉक्टरकडं जातो ना? तसंच हे.’

एकास एक मानसोपचार म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत आणि जखम उकरणेही नव्हे. पहिल्या काही भेटींत विश्वास जुळतो. धडधड सुरू झाली की श्वास संथ कसा करावा, पाय जमिनीवर टेकवून ‘मी आज, इथे, सुरक्षित आहे’ हे भान कसे आणावे, ते शिकवले जाते. त्यानंतर रुग्णाच्या कलाने ती आठवण क्रमवार बोलली जाते. भयंकर प्रसंगाची आठवण मेंदूत इतर आठवणींसारखी ‘झाले, गेले’ म्हणून बसत नाही. एखादा आवाज, वास, अंधार तिला जागे करतो आणि शरीर आजच संकट कोसळल्यासारखे वागते. सुरक्षित जागी, जाणत्या माणसासमोर ती पुन्हा पुन्हा मांडली गेली की तिला हळूहळू भूतकाळातली जागा मिळते. आघाताशी निगडित विचारांवर काम करणाऱ्या अशा उपचारपद्धतीची जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये शिफारस केली आहे.

आजींनी पुढे स्वतःहून मला सांगितले. त्या रात्री लेक अंगणात झोपायचा हट्ट करत होती. गारठा बाधेल म्हणून त्यांनीच तिला दामटून आत निजवले. तीस वर्षे हे वाक्य त्यांनी एकटीने वाहिले होते. उपचारांत ते पुसले गेले नाही, त्याचा अर्थ मात्र उलगडला: लेकीला आत निजवणारा हात आईच्या मायेचा होता, मृत्यूचा नव्हता. दहा-बारा भेटींनंतर झोपेची गोळी तज्ज्ञांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी झाली. आजी आता हिवाळ्यात आत निजतात. दार किंचित उघडे असते. नातीला मात्र त्या आत्याच्या गोष्टी सांगतात.

घरातल्यांनी काय करावे? ‘झालं ते विसरा’ म्हणू नये. विसरणे हातात असते तर त्या माणसाने ते केव्हाच केले असते. बोलावेसे वाटेल तेव्हा जवळ बसून ऐकावे; पण खोदून विचारू नये. झोपेची गोळी परस्पर सुरू करू नये. उतारवयात तिच्यामुळे तोल जाऊन पडण्याचा, विसरभोळेपणा वाढण्याचा धोका असतो. बऱ्याच दिवसांची गोळी एकदम बंदही करू नये. तुळजाभवानीचे दर्शन, खंडोबाचे जागरण यांतून मनाला बळ मिळत असेल तर जरूर घ्यावे. उपचार मात्र सोडू नयेत. ‘एका बैठकीत सारे दुःख मोकळे करतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. आणि शुश्रूषा करणाऱ्या सुनेने, लेकाने स्वतःची झोप आणि चिडचिड याकडेही पाहावे. त्यांनाही ऐकणारे माणूस लागते.

जिल्हा रुग्णालयात मनोविकारांसाठी सल्ला मिळतो. १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. उपचारांतील माहिती गोपनीय राहणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे, हेही ज्येष्ठांना आवर्जून सांगावे; ‘चार लोकांत होईल’ या भीतीपायीच पुष्कळ जण गप्प राहतात.

सप्टेंबर सरत आला की आमच्याकडे अनेकांची झोप उडते. इतरत्र ती तारीख एखाद्या अपघाताची असेल, पुराची असेल, जोडीदाराच्या जाण्याची असेल. आपल्या घरातील ज्येष्ठांची ती तारीख माहीत करून घ्या, आणि त्या रात्री त्यांच्याजवळ कोणीतरी असेल एवढे पाहा.