तळहातावरचा हिशेब

परीक्षेच्या पर्यवेक्षकाला तीन तास काहीही करायचे नसते. मात्र हे काहीही न करणे फार लक्षपूर्वक करायचे असते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एवढी अक्कल मला नव्हती. एम. ए. होऊन मी दापोली तालुक्यात, बुरोंडीच्या बाजूला, एका शाळेत काही महिने मराठी शिकवीत होतो. 2003 चा एप्रिल. नववीचा गणिताचा पेपर. खिडकीतून वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास येत होता, आणि माझे लक्ष, खरे सांगायचे तर, वर्गात नव्हतेच.

तासाभराने एका मुलीने घाम पुसायला हात वर केला. तळहातावर निळ्या शाईचे आकडे! मी झडपच घातली. नव्या शिपायाला पहिला चोर सापडावा तसा आनंद मला झाला. आज ते लिहितानाही लाज वाटते.

आकडे सुरमईचे होते. आदल्या संध्याकाळी ती आईबरोबर हर्णैच्या लिलावाला गेली होती. जवळ कागद नव्हता, म्हणून भाव हातावर टिपले. रात्री हात धुतला. पण बॉलपेनची शाई ती! अंगावर काही लिहिलेले असता कामा नये, हा नियम. सुरमई आणि सूत्र असा भेद नियम करीत नाही.

मुख्याध्यापकांपुढे आम्ही तिघे उभे राहिलो. मुलगी म्हणाली, "माझीच चूक, सर. नीट धुतलं नाही." निरोप मिळताच धावत आलेली आई म्हणाली, "हिशोब माझा हाय. मीच तिला लिवायला सांगितलं." मग मुख्याध्यापक माझ्याकडे वळले.

"पेपर वाटण्याआधी तुम्ही सूचना दिली होती ना? हात, खिसे पाहिले होते?"

"हो," मी म्हणालो.

सूचना दिली नव्हती. हात पाहिले नव्हते.

पेपर रद्द झाला. जूनमध्ये तिने तो पुन्हा दिला, पासही झाली. म्हणजे तसे काही बिघडले नाही, अशी समजूत मी पुष्कळ दिवस घालीत होतो. मे महिनाभर पोरे तिला 'कॉपी' म्हणून हाक मारीत, हे मला फार उशिरा कळले.

एका वकील मित्राला मी ही हकीकत सांगितली. अर्थात दुसऱ्या कुणाची म्हणून! तो म्हणाला, अपघाताने घडलेले कृत्य गुन्हा नव्हे, असे 1860 च्या दंडविधानाचे कलम 80 सांगत होते. 1 जुलै 2024 पासून तेच न्याय संहितेचे कलम 18 झाले आहे. शाळेच्या परीक्षेशी त्याचा संबंध नाही; पण त्यातली एक अट माझ्या मनातून जात नाही. काम योग्य ती काळजी घेऊन केलेले असले पाहिजे. त्या सकाळी काळजी घेण्याचा पगार वर्गात एकालाच मिळत होता.

हल्ली पेपर वाटण्यापूर्वी मी बाकाबाकाशी जाऊन तळहात पाहतो. परवा एकीने हात पुढे करीत विचारले, "सर, भविष्य बघताय का?"

सगळा वर्ग हसला. मी पुढच्या बाकाकडे गेलो.