२१ नंबरचा रस्ता

ह्यूस्टनहून दोनेक तास उत्तरेला गेलं की क्रॉकेट लागतं. तिथे मी टेक्सासचा २१ नंबरचा राज्यरस्ता धरते आणि पूर्वेकडे वळते. दोन्ही अंगांना लॉब्लॉली पाइनची सरळसोट खोडं. ओंडके लादलेला ट्रक शेजारून गेला की राळेचा वास बंद काचांतूनही आत येतो. वेचेस, आल्टो, नॅकोग्डोचेस, सॅन ऑगस्टिन. मधली काही गावं तर चर्च आणि पेट्रोलपंप दिसेपर्यंत मागे पडलेली असतात.

मुळात ही पायवाट. इथले मूळचे कॅडो लोक तिच्यावरून चालले, मग स्पॅनिश मिशनरी आले, डांबर फार नंतरचं. आल्टोच्या अलीकडे कॅडोंनी माती वाहून रचलेली टेकाडं रस्त्यालगतच आहेत. त्यांच्या बोलीतल्या ‘मित्र’ अशा अर्थाच्या शब्दावरून टेक्सास हे नाव पडलं. हे कळल्यापासून मला हे नाव फार आवडतं.

१ फेब्रुवारी २००३. शनिवारची संध्याकाळ, पुण्यातलं आमचं घर. कल्पना चावला असलेलं कोलंबिया अंतराळयान उतरायला सोळा मिनिटं उरली असताना टेक्सासवर फुटलं होतं. टीव्हीवर निळ्या आभाळात पांढऱ्या रेघा विखुरत होत्या, पुन्हा पुन्हा. आई ‘आपली कल्पना गं’ म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली. टेक्सास म्हणजे माझ्या लेखी तेव्हा वाळवंट आणि घोडे. तिथे असलं घनदाट रान असेल, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

मिलामला २१ सोडून दक्षिणेला वळलं की हेम्फिल, हजारभर वस्तीचं. सातही अंतराळवीरांचे अवशेष याच भागात सापडले. शोधाला पंचवीस हजारांच्या आसपास माणसं राबली. एरवी वणवे विझवणारी पथकं ऐन थंडीत ओळ धरून रान तुडवत होती. गावकऱ्यांनी त्यांना दिवसच्या दिवस रांधून घातलं. शोधावरचं एक हेलिकॉप्टर कोसळून आणखी दोघं गेले. कर्नालची ती कल्पना या माणसांची कोण होती?

परवा गाडी कडेला लावून मी झाडीत शिरले. वीस पावलांतच काटेरी वेलींनी पाय धरले. सुयांचा थर इतका जाड, की जमीन दिसेना. खाली बसले, हाताने सुया बाजूला सारल्या. एकेका देठाला तीन-तीन. त्यांच्याखाली लाल माती होती, ओली.